अठ्ठेचाळीस वजा अडतीस

त्यांची पिशवी फाटली नसती, तर मी आजही सुखाने खुर्च्यांचे पाय आणि बुद्धिबळाची प्यादी काढत बसले असते. म्हणजे ती अजूनही काढतेच. पण सुख जरा वाढलंय.

सकाळचे अकरा वाजले असतील. लेथवर खुर्चीचा चौथा पाय चढवला होता. बाहेर धप्प आवाज झाला, आणि एक काळा दगड उंबरा ओलांडून घरंगळत आत आला तो थेट माझ्या पायाशी, भुशात, येऊन थांबला. मागोमाग दारात एक उंच, चष्मेवाले गृहस्थ उभे. हातात तळ फाटलेली कापडी पिशवी, काखेत आणखी दोन दगड, आणि चेहरा असा, जणू आपलं मूल दुसऱ्याच्या घरात शिरलंय.

"माफ करा हं... एक आत आलाय का?"

मी लेथ बंद केला आणि दगड उचलला. काळाच, पण उजेडात धरल्यावर हिरवट झाक. एका बाजूने फुटलेला. फुटलेल्या दोन सपाट बाजू जिथे भेटत होत्या ती कड इतकी सरळ, की माझा हात आपोआप गुण्याकडे गेला. आमच्या कामात काटकोन दिसला की तपासायचा, ही खोडच लागते. गुण्या लावला. फटीतून बारीकसा उजेड दिसला.

"याचा काटकोन चुकलाय," मी म्हटलं.

काखेतला एक दगड खाली पडला. त्यांना पत्ताच नव्हता.

"किती?"

"असेल दोन-तीन अंश."

"तीन! सत्त्याऐंशीचा असतो तो." ते आत आले ते भुशातूनच, चपला न बघता. "आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना हे दिसायला वर्ष जातं हो."

"त्यांच्याकडे गुण्या नसेल."

कोपऱ्यात घासकागद लावत बसलेले बाबा खोकले. ते असं हसू दाबायला खोकतात.

गृहस्थ रस्त्याच्या टोकाच्या संग्रहालयात होते. तिथली दगडांची सगळी कपाटं त्यांच्या ताब्यात. हातातल्या दगडाचं नाव त्यांनी सांगितलं... पायरॉक्सीन. म्हणजे अग्नीला परका.

"ज्याने नाव ठेवलं, त्याला हे खडे ज्वालामुखीच्या लाव्हात दिसले," ते म्हणाले. "त्याला वाटलं, चुकून कुठून तरी येऊन पडलेत. खरं तर ते तिथेच जन्मले होते."

"मग नाव बदललं नाही कोणी?"

"चिकटलं की चिकटलं."

जाता जाता त्यांची नजर माझ्या फळीवर गेली. जिन्याच्या कठड्यासाठी काढलेले गोळे तिथे वाळत होते. ते थांबले. वळले. आणि म्हणाले, "मला अठ्ठेचाळीस हवेत. एकाच मापाचे. आणि वाटाण्याएवढे बारा."

हा खडा आतून कसा रचलेला असतो ते लोकांना दाखवायचं होतं. मोठा गोळा म्हणजे ऑक्सिजन, वाटाणा म्हणजे सिलिकॉन. चार मोठे गोळे एकमेकांना टेकवायचे, तीन खाली, एक वर, आणि मधल्या पोकळीत वाटाणा. असे बारा गट. सहा-सहा गटांच्या दोन साखळ्या.

"बारा चोक अठ्ठेचाळीस," मी म्हटलं.

"बरोबर," ते म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

गोळे चार दिवसांत झाले. ते घेऊन गेले. मला वाटलं, संपलं.

पुढच्या मंगळवारी ते पुन्हा दारात. तळहातावर एक गोळा.

"हा उरला."

"राहू द्या की."

"नको. तुमचं लाकूड आहे."

मी तो चिनी मातीच्या वाडग्यात टाकला. ते तासभर बसले. लाकडाला रेषा कशा येतात, कुठलं लाकूड लेथवर रडतं, कुठलं गातं, सगळं विचारत होते. मला इतके प्रश्न आजवर कोणी विचारले नव्हते. मी शाळा लवकर सोडली. जे येतं ते बाबांच्या हाताकडे बघून. त्यामुळे कोणी वही काढून माझं बोलणं लिहून घेतलं, की मला आधी हसू येतं आणि मग मान खाली जाते.

शुक्रवारी पुन्हा. "आणखी एक निघाला."

"मोजता येत नाही वाटतं संग्रहालयात?"

"दगड मोजतो. गोळ्यांची सवय नाही."

बाबांनी त्यांचं नाव दगडोबा ठेवलं. अर्थात पाठीमागे. तोंडावर ते साहेब, आणि बाबा त्यांचे काका. "आज दगडोबांचा वार ना?" असं बाबा सकाळीच विचारायचे, आणि मी उगाच लेथचा पट्टा ताणून बघायची. तो आधीच ताणलेला असायचा. कधी ते पावसात भिजून यायचे, केसांवरून थेंब चष्म्यावर, आणि गोळा मात्र रुमालात गुंडाळून कोरडा. मी टॉवेल पुढे करायची. ते आधी गोळा पुसायचे.

वाडग्यात सात गोळे झाले, तेव्हा त्यांनी गोळ्याबरोबर एक खोकंही आणलं. दोन्ही साखळ्या त्यात होत्या. उचलल्या की मधून वाकायच्या. आतून खुंट्या घालून ताठ करायच्या होत्या. मी बाहेर जिना बसवायला गेले होते. खोकं बाबांनी घेतलं आणि त्यांना दुपारी यायला सांगितलं.

दुपारी मी परतले तेव्हा दोघे टेबलाशी उभे होते. बाबा खूश. साहेबांचा चेहरा मात्र दुधात माशी पडल्यासारखा.

बाबांनी दोन्ही साखळ्या शेजारी ठेवून, जिथे जिथे गोळे एकमेकांना टेकत होते तिथे सरस लावून टाकला होता.

"एकेरी होती म्हणून वाकत होती," बाबा म्हणाले. "आता बघा, हलतेय का?"

"नाही हलत, काका. पण... हे आता दुसरंच खनिज झालं."

"आँ?"

"अशी जोड-साखळी असलेला खडा वेगळा. त्याचं नाव वेगळं, तो फुटतोही वेगळ्या कोनात. पायरॉक्सीनची साखळी एकेरीच असते."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "एकेरी साखळ्या एकमेकींना चिकटतच नाहीत, तर मग दगड उभा कसा राहतो? भुसा व्हायला हवा त्याचा."

त्यांनी खिशातून मातीचे छोटे, रंगवलेले गोळे काढले. पिवळा कॅल्शियम, हिरवा मॅग्नेशियम, तांबडा लोह. "साखळ्यांच्या मधे जागा असतात. काही ऐसपैस, काही अरुंद. त्यांत हे बसतात. पिवळा जाडा, तो ऐसपैस जागेतच मावतो. हिरवा आणि तांबडा कुठेही बसतात, एकमेकांच्या जागाही घेतात."

"बसमधल्यासारखं."

"अगदी. आणि जो बसेल तो दोन्हीकडच्या साखळ्यांना धरून ठेवतो. कोण बसलंय त्यावर खड्याचा रंग, नाव, सगळं ठरतं. पण साखळ्या..." ते थांबले. माझ्याकडे बघत होते, गोळ्यांकडे नाही. "साखळ्या आपापल्या पूर्ण राहतात. कोणी कोणात विरघळत नाही."

लेथ बंद होता, तरी मला कानात घरघर ऐकू आली.

इथे एक सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला होता. त्याची आई एवढंच म्हणाली, "लग्नानंतर हे भुशाचं काम बंद हं." आणि तो चांगला मुलगा चहाच्या कपात बघत राहिला. मी नाही म्हटलं. तेव्हापासून कोणी जरा जास्त वेळ बसलं, की मी मनातल्या मनात लेथवर हात ठेवून उभी राहते.

संध्याकाळी सरस खरवडायला मीच बसले. बाबा अपराधी चेहऱ्याने गरम पाणी आणून देत होते. साखळ्या सुट्या झाल्या, आणि पुसता पुसता मी गोळे मोजले. सवयीनेच.

एकोणीस. दुसरीतही एकोणीस.

पुन्हा मोजले. सहा गट, प्रत्येकी चार, चोवीस व्हायला हवेत! मग दिसलं. शेजारच्या दोन गटांत एक गोळा सामाईक होता. याचाही कोपरा तोच, त्याचाही कोपरा तोच. पाच ठिकाणी असं. चोवीसातून पाच गेले, एकोणीस.

म्हणजे अडतीसच लागणार होते. आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. त्यांचा तो धंदाच. दहा गोळे मोजण्यात चुकून उरले नव्हते. उरावेत म्हणूनच मागितले होते.

सात वाडग्यात. तीन त्यांच्याकडे.

"काय गं, एवढी लाल का झालीस?" बाबा म्हणाले. "पाणी फार गरम आहे का?"

"हो," मी म्हटलं. पाणी केव्हाच गार झालं होतं.

मी काही बोलले नाही. का बोलू? आठवा गोळा आला तेव्हा मी विचारलं, "अजून किती आहेत हो?" ते म्हणाले, "बघायला हवं," आणि चष्मा पुसला. नववा आला तो दहा दिवसांनी. कंजूष माणूस नाण्यांसारखे गोळे पुरवून वापरत होता, आणि मला ते इतकं गोड वाटलं की मी त्या दिवशी एका प्याद्याचं डोकंच उडवलं.

मग दहावा आला.

त्यांनी तो स्वतः वाडग्यात ठेवला. टक्. "आता माझ्याकडे एकही नाही," ते म्हणाले. आणि उभे राहिले. बाबा घासकागद शोधायला म्हणून मागे निघून गेले; तो त्यांच्या हातातच होता.

"मला विचारायचं होतं..." ते म्हणाले.

आणि मी काय करावं? मी लेथ सुरू केला.

त्या घरघरीत ते काय म्हणाले, म्हणाले की नाही, कळलं नाही. मान वर केली तेव्हा दार रिकामं होतं.

मंगळवार गेला. शुक्रवार गेला. सोळा दिवस झाले. वाडगा माझ्यासमोर आणि बाबा माझ्यासमोर. शेवटी बाबाच बोलले.

"लेथ कोणी पळवून नेत नाही, बाई. चार माणसं लागतात उचलायला."

"मला भीती लेथची नाही हो..."

"लेथचीच आहे. पण दगडोबाने कधी म्हटलं का, बंद करा म्हणून? तो तर लेथ बंद झाला की विचारतो, का थांबलात? पहिल्या दिवसापासून भुशात बसतो, झटकतसुद्धा नाही. मला तरी तो परका वाटत नाही."

मी एक ठोकळा घेतला. लेथवर चढवला. वीस मिनिटांत गोळा झाला, त्याच मापाचा. पॉलिशही केलं नाही. तसाच ओढणीच्या टोकात घेऊन निघाले.

संग्रहालयातली ती खोली शांत होती. खिडकीवर पावसाची बारीक टिपटिप. काचेच्या कपाटात माझ्या साखळ्या टांगलेल्या, ताठ, एकीशेजारी एक, आणि मधे पिवळे, हिरवे, तांबडे गोळे. इतक्या सुंदर दिसत होत्या की क्षणभर मी कशाला आले तेच विसरले. ते स्टुलावर चढून वरची काच पुसत होते.

"तुमचा एक गोळा माझ्याकडे राहिला होता," मी म्हटलं.

ते इतक्या घाईने उतरले की स्टूल पडलं. गोळा हातात घेतला. फिरवून बघितला. लाकूड अजून उबदार असावं.

"पण... उरले दहाच होते."

"माहीत आहे. अठ्ठेचाळीस वजा अडतीस."

चष्म्याकडे गेलेला त्यांचा हात तिथेच थांबला. कानापर्यंत लाल झाले. बेचाळीस वर्षांचा माणूस!

"कधी कळलं?"

"सरस खरवडताना. वजाबाकी येते मला."

"मग त्या दिवशी लेथ का सुरू केलात? मला वाटलं, तेच उत्तर."

"घाबरले की करते." मी एक श्वास घेतला. "हे बघा, लेथ बंद होणार नाही. बाबांना सोडून मी कुठे जाणार नाही. केसांत भुसा असतो, तो कितीही धुतला तरी असतो."

"बंद कशाला करायचा?" ते खरंच गोंधळले होते. प्रश्नच कळला नव्हता त्यांना, आणि मला आणखी काही विचारायचं उरलं नाही. "मी खिडकी उघडी ठेवतो इथे. वारा बरोबर असला की ऐकू येतो तो. मघाशीच आला होता, थोडा वेळ."

"हाच काढत होते."

त्यांनी पडलेलं स्टूल उचलून सरळ केलं.

"माझीही एक अट आहे," ते हळूच म्हणाले. "घरी दगड आहेत. कपाटात शर्टांपेक्षा जास्त."

"तळमजल्यावर ठेवायचे. आमचा जिना लाकडी आहे."

ते हसले. मग गोळा कपाटासमोर धरून उगाच जागा शोधू लागले. "याचं काय करू? मधल्या जागेत मावणार नाही, फार मोठा आहे."

"खिशात ठेवा," मी म्हटलं. "परत द्यायला यावं लागेल."

"कधी येऊ?"

"रोज."

त्यांनी तो शर्टाच्या खिशात घातला. खिसा एका बाजूला हास्यास्पद फुगला. एका छत्रीतून आम्ही घरी आलो, तर बाबांनी तीन कप आधीच मांडले होते.

ते रोज येतात. आता तर येऊन राहतात. गोळा मात्र अजून परत केलेला नाही, आणि मीही मागितलेला नाही.