अजयघोष आत येत नाही

अजयघोषचा चेहरा दिसण्याआधी मला त्याचे हात ठाऊक झाले.

आलप्पुळाच्या वजन उचलण्याच्या जिल्हा स्पर्धेत माझी शेवटची बैठक चालली होती. खांद्यावर एकशे पंचेचाळीस किलोंचा रॉड. पंचांनी खूण केली, मी खाली गेले, आणि वर येताना डाव्या गुडघ्यात काहीतरी तुटलं. ओला काथ्याचा दोर ताणून तुटावा तसा आवाज... पाय माझा राहिलाच नाही. रॉड पुढे कलंडणार, तेवढ्यात मागून दोन हात माझ्या छातीभोवती आवळले गेले आणि कानाशी कुणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, "सोड. मी धरलंय."

मी सोडलं. बाजूच्या दोघा मुलांनी रॉड उचलून घेतला, आणि त्या हातांनी मला अलगद खाली बसवलं. मग लोकांची गर्दी झाली, स्ट्रेचर आलं, आणि ते हात कुणाचे हे बघायचं राहूनच गेलं.

गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध तुटला होता. डॉक्टरांनी तो शिवला, पायाला लांब पट्टा बांधला आणि वजनाचं नाव काढू नको म्हणून बजावलं. आमचे गुरू थंकप्पन आशान पहिल्याच आठवड्यात येऊन गेले. त्यांनीच मला सोळाव्या वर्षी रॉड धरायला शिकवला होता. खुर्चीच्या कडेवर बसून ते म्हणाले की नाव कमावलंस, आता लहान मुलींना शिकव, लग्न कर. जिममधल्या मुली येत राहिल्या, हसवत राहिल्या. पुढे त्यांच्या स्पर्धा जवळ आल्या आणि येणं थांबलं. मी खिडकीशी पडून कालव्यातली जलपर्णी सरकताना बघायचे. अम्मा ओसरीवर काथ्याच्या चटया विणायची, आणि मागाचा खटखट आवाज दिवसभर माझ्या डोक्यात चालायचा.

परतीच्या पावसाच्या तुलाम महिन्यातल्या एका दुपारी गडगडाट होऊन पाऊस कोसळत होता, तेव्हा तो आला. दारात उंच, काळासावळा, नखशिखांत भिजलेला माणूस. हातात कापडी पिशवी.

"ओळखलंस?"

चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. पण पिशवी पुढे करणारी ती रुंद मनगटं...

"हातांवरून," मी म्हणाले, आणि म्हटल्यावर लाजून चूर झाले. अम्माने मागावरून एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

पिशवीत बदकाची अंडी होती. तो पलीकडच्या कैनकरी गावचा. घरी बदकं पाळायचा, भाताची कापणी झाली की थवा घेऊन शेतोशेत हिंडायचा. वडील कम्युनिस्ट पक्षाचे कट्टर, म्हणून पोराला पक्षाच्या एका बंगाली पुढाऱ्याचं नाव, अजयघोष. तोही पूर्वी वजनं उचलायचा. छातीवरून रॉड ढकलताना खांद्याजवळचा स्नायू फाटला आणि ते संपलं. आता स्पर्धेत उचलणाऱ्याच्या मागे उभा राहायचा, एवढंच.

"इतक्या दिवसांनी आलात?" मी विचारलं.

"पहिल्या महिन्यात सगळेच येतात," तो म्हणाला. "नंतर कुणी येत नाही. म्हणून मी नंतर आलो."

मला एकदम रडू आलं. तो गडबडला, पिशवीकडे बघत राहिला. मग मीच डोळे पुसून विचारलं, इतकी अंडी खाणार कोण?

"तू. बदकांनी तुझ्यासाठीच घातलीत... माझा काही संबंध नाही."

तो पुन्हा आला. मग येतच राहिला.

पट्टा सुटल्यावर त्याने आशानांकडे जिमची किल्ली मागितली. आशान म्हणाले, तिला आणायचं असेल तर दुपारी आण, जिम रिकामी असताना. तिला लंगडताना बघून पोरं बिचकतील. हे त्याने मला सांगितलं नव्हतं, मला मागाहून कळलं. आमची जिम म्हणजे कालव्याकाठचं काथ्याचं जुनं गोदाम. दुपारी तिथे अंधारलेलं असायचं, पत्र्यावर पाऊस वाजायचा. पहिल्या दिवशी त्याने माझ्या खांद्यावर रॉड नाही, होडीचं जुनं वल्हं ठेवलं. मी अर्धी खाली गेले आणि थरथरत भिंतीला टेकले. एकेकाळी दीडशे किलोंची स्वप्नं बघणारी मी... वल्ह्याखाली! त्या दिवशी मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी वल्हं तिथेच होतं आणि तोही.

वल्ह्यानंतर नुसता रॉड, मग बारक्या प्लेटा. खडूची भुकटी तो माझ्या तळहातांवर स्वतः चोळायचा — चोळून झाली तरी हात सोडायला क्षणभर विसरायचा. मीही आठवण करून द्यायचे नाही. मी खाली बसायचे तेव्हा तो मागे उभा असायचा, आणि समोरच्या डागाळलेल्या आरशात त्याची नजर मला सापडायची.

"आरशात काय बघताय?"

"गुडघा बघतोय."

"गुडघा इतका वर नसतो, अजयेट्टा."

'एट्टा' आमच्याकडे दादालाही म्हणतात आणि जिवलगालाही. त्याचे कान लाल झाले. मला हसू आवरेना. पडल्यापासून मी तशी हसले नव्हते.

त्या संध्याकाळी जेट्टीवर आम्ही काळा चहा घेतला, गरम पळंपोरी घेतली. त्याची बोट यायला उशीर होता. केळ्याचा तो तळलेला तुकडा हातात तसाच धरून तो म्हणाला, "बिजिता, तू वजन घेऊन खाली जातेस ना... तेव्हा मला श्वास घेता येत नाही."

मला वाटलं, हे प्रेम. ते प्रेमच होतं. पण त्यात आणखी एक गोष्ट होती, ती कळायला मला वेळ लागला.

वजन ऐंशीवर अडकलं. माझे पाय मागत होते, गुडघा साथ देत होता, पण प्लेट वाढवायची वेळ आली की त्याला काहीतरी दिसायचं. आज हवा दमट आहे. आज पाऊल वळलं. आज तुझा चेहरा उतरलाय. मी गप्प बसायचे, कारण मला तो हवा होता. मग एके दिवशी आशानांकडून कळलं की राज्य स्पर्धेसाठी त्यांनी माझ्याबद्दल विचारलं होतं, आणि यानेच परस्पर सांगून टाकलं होतं: बिजिता तयार नाही.

मी जिममध्ये त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"माझी ताकद बघून प्लेटा लाव," मी म्हणाले. "तुझी भीती बघून नको." त्याला मी पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं.

"त्या दिवशीचा तो आवाज," तो हळूच म्हणाला, "तू नुसता सोसलास. मी ऐकलाय. अजून ऐकतो."

"मग मला शिकवू नकोस."

"शिकवू नको म्हणजे... येऊच नको?"

मला उत्तर देता आलं असतं. मी वळून पायांना पट्ट्या गुंडाळत बसले. मान वर केली तेव्हा दार उघडं होतं आणि तो नव्हता.

मी पुन्हा आशानांकडे शिकू लागले. आशानांना माझ्यासाठी भीती वाटत नव्हती. पोत्यावर पोती रचावीत तशा ते प्लेटा चढवायचे. वजन भराभर वाढलं. शंभर झाले, एकशे दहा झाले, आणि ते सांगायला कुणी नव्हतं. आरशात मागे आशान दिसायचे, तेही फोनवर बोलत. संध्याकाळची कैनकरीची बोट सुटताना मी जेट्टीकडे बघायचे नाही. अम्मा काही विचारायची नाही, पण त्याची अंडी येणं थांबल्यावर बाजारातूनही तिने अंडी आणली नाहीत.

राज्य स्पर्धा आठवड्यावर आली असताना अम्माने मागावर बसल्या बसल्या बातमी सांगितली. कैनकरीत बदकांना रोग लागला होता. माना टाकत होती, पाण्यातच उताणी पडत होती. सरकारी माणसं पांढरे पोशाख घालून उतरली होती. आजारी, धडधाकट, सगळी बदकं मारून जाळायचा हुकूम होता.

मी आशानांना सांगितलं की आज सराव नाही. ते म्हणाले, या आठवड्यात चुकवलंस तर स्पर्धा विसर. मी बोटीत बसले.

पाण्यावर धूर पसरला होता. जिथे कायम कलकल असायची तिथे काहीच ऐकू येत नव्हतं. गावातल्या एका बाईने बांधाकडे बोट दाखवलं. तो बांधावर एकटा बसला होता, गुडघ्यापर्यंत चिखल, हात मांडीवर मोकळे पडलेले. बैठक जमते, पण गुडघा पूर्ण दुमडून मला जमिनीवर बसता येत नाही. डावा पाय पुढे पसरून, रेलत रेलत बसावं लागतं. मी तशी वाकले तेव्हा त्याने न बघताच हात पुढे केला. मी तो धरून बसले आणि सोडला नाही.

तो बोलू लागला. "सकाळी त्यांना खायला घातलं. दुपारी येणार आहेत हे ठाऊक होतं, तरी घातलं. हाक मारल्यावर सगळी आली."

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. धूर आमच्याच अंगावर येत होता. आम्ही उठलो नाही.

"बिजिता, मला बघवत नाही," तो म्हणाला. "तू खाली जातेस ते बघवतच नाही. माझं प्रेम आहे तुझ्यावर... पण त्याने धीर येत नाही. उलट असलेला जातो."

"मग बघू नका. पण माझ्याबद्दल परस्पर ठरवू नका. मला विचारा."

त्याने विचारलं, "वजन किती चाललंय?"

"एकशे वीस."

त्याने डोळे मिटले. मिटलेलेच ठेवून म्हणाला, "उद्या सरावाला जा."

आशान कुरकुरले, पण त्यांनी मला काढलं नाही. स्पर्धा आलप्पुळातच होती. अजयघोष सभागृहाच्या दारापर्यंत माझी बॅग घेऊन आला. तिथे बॅग माझ्या हातात दिली आणि मान हलवून मागे फिरला. मी एकटीच आत गेले. एकशे पंचवीस मी उचलले. एकशे तीसला खाली गेले ती वर आलेच नाही. मुलांनी रॉड घेतला, पाय शाबूत राहिला. मी चौथी आले. त्या रॉडखाली मला एक गोष्ट कळून चुकली — एकशे पंचेचाळीस आता पुन्हा माझे नाहीत. टाळ्या दुसऱ्या मुलीसाठी वाजत होत्या. मी पट्ट्या सोडल्या, तोंड धुतलं आणि बाहेर आले.

तो कालव्याच्या कठड्याशी उभा होता. आधी त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"चौथी," मी म्हणाले.

"दुखतंय?"

"दुखतंय."

त्याने बॅग घेतली. आम्ही सावकाश चालू लागलो. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. पुलापाशी मी थांबले आणि म्हणाले की उद्या अम्माला भेटायला या.

"काय सांगू त्यांना?" तो म्हणाला. "बदकं गेली. दुसरं काही येत नाही मला."

"सांगा, ही आत वजन उचलते तेव्हा मी बाहेर उभा असतो. एवढंच सांगा."

तो आला. कोरा मुंडू नेसून, ओसरीवर अंग चोरून बसला, आणि मी सांगितलं होतं तेच अडखळत बोलला. अम्माने माग थांबवला.

"ही काही थांबणार नाही," अम्मा म्हणाली. "मी सांगून थकले."

"नाही थांबणार," तो म्हणाला.

"आणि पुन्हा पडली तर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. हातातला काळ्या चहाचा पेला खाली ठेवला.

"तर आत येईन," तो म्हणाला.

अम्मा उठली, आत गेली, आणि तिने तिसऱ्या माणसाचा तांदूळ धुवायला घेतला.