सतरा नंबरची लाल पट्टी

माझं कुणी खरं मानलं नाही. ‘झाडूवाली आहे, भावासाठी काहीही बोलेल’ म्हणाले. तुम्हीही मानू नका. फक्त मध्ये तोंड घालू नका.

एकतीस माणसांचं विमान डोंगरांवर गेलं ते गेलंच. तुकडा नाही, चप्पल नाही. खापर फुटलं माझ्या धाकट्या भावावर, कारण तो मेकॅनिक. तो घसा फोडून सांगत होता, “तेल गळत होतं. मी विमानाला सतरा नंबरची लाल पट्टी बांधली होती.” पट्टी बांधली की विमान उडवायचं नाही. पट्टी सोडणाऱ्याने तिच्या मागे सही करायची आणि पट्टी कप्तानांच्या खिशात. भाऊ सामान आणायला गेला, तेवढ्यात विमान उडालं. पट्टीही विमानाबरोबर.

“पट्टी? कसली पट्टी?” घड्याळसाहेब चौकशीत म्हणाले. हे आमचे मोठे साहेब. पाच मिनिटं उशीर झाला की मनगट बडवत फिरायचे. भावाची नोकरी गेली. बोलणंही गेलं.

वर्ष झालं त्या बुधवारी रात्री विमानांच्या शेडचा नळ बंद केला की नाही, ते बघायला गेले. अकरा चाळीस.

“मावशी, भूत तिकीट काढून आलं का?”

गप रे, मध्ये तोंड घालू नका म्हटलं ना. तिकीट काढून गेले ते अजून परतले नाहीत.

नळ बंदच होता. तरी पाणी टपकत होतं... माझ्या मागे.

मग पाऊल. मग फरफट. त्या विमानाचे कप्तान असेच डावा पाय ओढत चालायचे...

मी ओरडले, “आलात तर तोंड उघडा! माझ्या भावाला कुणी बुडवलं?”

...

गार वारा. दार बंद होतं.

वळले. भावाच्या रिकाम्या खुंटीवर पट्टी. बर्फाने कडक. नंबर सतरा.

सकाळी चौकशीवाल्यांच्या टेबलावर आपटली.

“कुठून आणलीस?”

“सांगितलं तर हसाल. पट्टीच्या मागे बघा.”

रजिस्टर काढलं. नंबर जुळला. सही जुळली. पट्टी कुठून आली ते मात्र आजही कुणी मानत नाही. त्यांच्या कुलूपबंद कपाटात आहे ती. अजून वाळलेली नाही. खाली भांडं ठेवावं लागतं.

चौकशीच्या कागदावरचं भावाचं नाव खोडलं त्यांनी. माझ्यासमोर. वर दुसरं लिहिलं. चौथीपर्यंत शिकलेय मी, बोट ठेवून वाचलं.

घड्याळसाहेबांचं.