नमुना पुन्हा द्यावा लागेल

“पेशंटमध्ये जीव गुंतवू नकोस गं,” रक्ततपासणीच्या लॅबमधल्या थोरल्या ताईंनी तिला बजावलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं. रक्त काढून घ्यायला दिवसभर इतके हात पुढे येतात, कुणाकुणात गुंतणार जीव?

मग एका भिजल्या सकाळी तो आला. केसांतून पाणी निथळत होतं. त्याच्या वडिलांना आनुवंशिक आजार होता. शरीरातलंच एक प्रथिन बिघडून नसांत, हृदयात साचत जाणारा. पायांना मुंग्या येतात म्हणून बिचारे चपला बदलत राहिले... निदान झालं तेव्हा हाती काही उरलं नव्हतं. जनुकातला तोच दोष याच्यात उतरलेला, आजार मात्र अजून नाही. म्हणून अधूनमधून रक्त द्यायचं. नसांची झीज आणि हृदयावरचा ताण त्यात आधीच दिसतो.

“मूठ सोडा आता.”

“सोडली की टोचणार ना?”

“टोचून झालं.”

तो हाताकडे बघतच राहिला, मग तिच्याकडे. अलगद हलवायची रक्ताची नळी तिनं त्या नजरेपायी ताकासारखी घुसळली. रक्तपेशी फुटल्या, नमुना वाया. संध्याकाळी फोन करावा लागला.

“नमुना पुन्हा द्यावा लागेल. चूक माझीच आहे...”

“अशा अजून दोन-चार करा की.”

तपासणीमागून तपासणी झाली, चहामागून चहा. आणि एकदा नसांच्या झिजेचा आकडा वर गेला. जिने धावत चढणारा तो पायरीवरच बसला.

“बाबांच्या आजारपणात आईनं काय सोसलं, मी पाहिलंय. तुम्ही यात पडू नका.”

“त्यांच्या वेळी रक्ताला कुणी विचारलंच नाही. तुझ्या रक्तानं आधीच सांगितलंय. डॉक्टर म्हणतात, आत्ता औषध सुरू केलं तर झीज रोखता येईल. आणि पडण्याचं म्हणशील, तर – मी कधीच पडलेय.”

“...आत्ता ‘तू’ म्हणालात?”

“म्हणाले.”

तो हसला, डोळे पुसत. औषध त्याच आठवड्यात सुरू झालं.

आज आकडा स्थिर आहे. दोघांच्या लेकीला खांद्यावर घेऊन तो जिना चढतो, आणि ती खालून त्याची पावलं न्याहाळते. काळजी आहेच; पण ज्या कुणी अनोळखी माणसांनी ही तपासणी शोधली, त्यांना ती रोज मनोमन हात जोडते.

तुमच्या घरातही कुणी पाय बधिर होतात ते वयावर ढकलत असेल, मागच्या पिढीतही कुणाचं असंच झालं असेल... तर त्यांच्याजवळ जाऊन बसा, नीट विचारा. आजच विचाराल ना?