वाकड्या दस्त्याची बंदूक

"तीन वाजता बंदूक कापायला कटरवाला येणार! चाळीसच मिनिटं आहेत!" संग्रहालयाच्या जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत ताई म्हणाली.

"आणि मला भूक लागलीय!" मागून शेपूट ओरडलं.

शेपूट म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. ती जाईल तिथे हे मागे असायचंच. तिसरा त्यांचा मामेभाऊ. गळ्यात सदा कॅमेरा, म्हणून तो फोटोग्राफर.

तिघं सुट्टीत आजोबांकडे आली होती. आजोबांचं उभं आयुष्य बंदुका दुरुस्त करण्यात गेलेलं. काल या संग्रहालयात एका जुन्या पंप शॉटगनसमोर ते थबकलेच. पुढची मूठ मागेपुढे ओढली की काडतूस आत सरकतं, तसली ती बंदूक. पण तिचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता चक्क एका बाजूला वळलेला!

"हा माझ्या हातचा! उजवा डोळा गेलेल्या एका वनरक्षकासाठी केला होता," आजोबा म्हणाले.

संग्रहालयाचे साहेब हसले. "आजोबा, नंबरावरून ही नव्वद वर्षांपूर्वीची ठरते. तेव्हा तुम्ही जन्मलाही नव्हता! दस्ता ओल लागून वाकलाय. उद्या मोडीत जाणार."

घरी आजोबा दोन घास खाऊन उठले. "हल्ली विसरतो मी," ते पुटपुटले. "हेही मनानेच रचलं असेल." ताईला ते पटेना. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं. पण स्वतःच्या हातांवरचाच विश्वास उडाला, तर आजोबांकडे उरणार काय?

आजही त्यांना इथवर ओढूनच आणावं लागलं होतं. ते खाली चौकीदारकाकांजवळ बसून राहिले.

वर टेबलावर ती बंदूक पडली होती. तिची नळी कायमची बुजवलेली, त्यामुळे धोका काही नव्हता.

"पुन्हा तुम्ही?" साहेब वैतागले.

"साहेब, एकच फोटो!" फोटोग्राफर साळसूदपणे म्हणाला. "तुमचा! बंदूक खांद्याला लावून!"

फोटो म्हटल्यावर साहेबांनी आधी केस सारखे केले. मग बंदूक उजव्या खांद्याला लावून ऐटीत उभे राहिले.

"उजव्या डोळ्याने नेम धरा ना!"

साहेबांनी मान तिरकी केली. मग आणखी तिरकी केली. बंदूक काही उजव्या डोळ्यासमोर येईना!

"साहेब, मान मोडेल!" शेपूट खिदळलं.

"आता डावा डोळा लावून बघा," ताई म्हणाली.

साहेबांनी मान सरळ केली आणि जागच्या जागी थांबले. नळी बरोब्बर डाव्या डोळ्यासमोर होती.

"ओलीने लाकूड कुठेही वाकेल," ताई म्हणाली. "नेमकं डाव्या डोळ्यासमोर कसं येईल?"

"पण नंबर..."

"नंबर लोखंडावर आहे! सायकलच्या नंबरावरून सीट कधी बदलली ते कळतं का?"

साहेबांनी डोकं खाजवलं. "बरं, दस्ता नंतरचा. पण तो यांनीच केला कशावरून?"

"दस्त्याच्या मागची पट्टी उघडा! काम संपलं की आजोबा तिच्या आत पेन्सिलने लिहितात. गिऱ्हाइकालाही दाखवत नाहीत."

शेपूट भूक विसरून धावलं आणि आजोबांना हाताला धरून घेऊन आलं. साहेबांनी पहिला मिळाला तो स्क्रूड्रायव्हर उचलला.

"अहो, तो नको!" आजोबा कडाडले. "स्क्रूची खाच खराब होईल! रुंद पात्याचा द्या."

पण त्यांच्या हातून त्याचं पातं खाचेत नीट बसेना. ताईने स्क्रूड्रायव्हर हळूच आपल्या हातात घेतला. "तुम्ही सांगा, मी फिरवते."

"दाबून धर. आता फिरव. घाई नको."

पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. पट्टी सुटली आणि आतल्या लाकडावर पेन्सिलची पुसट अक्षरं दिसली. ताईने मोठ्याने वाचलं, "सात मार्च. काम पूर्ण. आज मुलगी झाली."

खाली साल होतं, बेचाळीस वर्षांपूर्वीचं.

"सात मार्च?" शेपूट किंचाळलं. "आईचा वाढदिवस!"

आजोबा खुर्चीत बसले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

साहेबांनी आधी फोन करून कटरवाल्याला परत पाठवलं. मग ते आजोबांसमोर हात जोडून उभे राहिले. "चुकलं माझं. मी नुसता नंबर वाचला, बंदूक बघितलीच नाही. आता ही काचेच्या कपाटात राहील, तुमच्या नावासकट." मग ते मुलांकडे वळले. "शाबास रे! कपाटात अजून अकरा बंदुका आहेत. उद्या येता तपासायला?"

"येतो! पण जेवून!" शेपूट म्हणालं.

आजोबांनी ताईकडून फोन मागून घेतला. पलीकडून आईचा आवाज आला.

"अगं," ते म्हणाले, "मी विसरलो नव्हतो!"