चौथ्या प्रश्नातले जाड काने

“बारा वाजले, की छापखान्याला कुलूप!” परीक्षा-साहेब गरजले. “आणि हे खिळे जुळवणारे गृहस्थ चौकीत!”

ते गृहस्थ म्हणजे भिंगीचा मामा. सुट्टीत दोन्ही भाचरं त्याच्याकडेच होती. तीस वर्षं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून त्याची बोटं काळी झाली होती. आता नावालाही काळिमा लागायची वेळ आली होती. उद्याच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका चौकात सापडली होती!

खिशात कायम भिंग, म्हणून ती भिंगी. धाकट्या भावाला ढोल का म्हणत, ते तो बोलला की कळे.

“पावणेबारा!” ढोल कुजबुजला. फौजदारांसकट सगळे दचकले.

भिंगीनं चौकातला कागद भिंगाखाली धरला. चौथ्या प्रश्नापासून सगळे काने जाड!

“मामा, हे असं का?”

“अगं, सगळ्यात जास्त काना लागतो. ‘ळ’चा खण भरलेलाच राहतो, कान्याचा आधी रिकामा. त्यात निम्मे काने दुसऱ्या कामात अडकलेले. मग जाड टाइपातले उसने घेतले. साहेब पहिलं प्रूफ घेऊन गेले, आणि संध्याकाळी बारीक काने मोकळे झाले तसे मी बदलले.”

भिंगीनं भिंग पुसलं. तिनं छापील गठ्ठा पाहिला. सगळे काने बारीक!

“साहेब, पहिलं प्रूफ कुठंय हो?” तिनं भोळा चेहरा केला.

“माझ्या कपाटात! चिटोरंसुद्धा बाहेर जात नाही!”

“किती प्रती काढल्या होत्या, मामा?”

“एकच. वहीत साहेबांची सही आहे.”

“मग कपाटातला कागद चौकात कसा आला? जाड काने फक्त त्याच्यावरच होते!”

“काहीतरीच! हा बघा शाईचा डाग! कागद छापखान्यातलाच!”

ढोलनं डाग हुंगला. “शाई काळी असते, साहेब! हे तर तपकिरी पॉलिश!”

सगळ्यांच्या नजरा साहेबांच्या चकचकीत तपकिरी बुटांवर गेल्या. साहेबांनी पाय हळूच खुर्चीखाली ओढले.

“परवा... चौकातल्या चांभाराकडे बूट शिवायला टाकले होते,” ते पुटपुटले. “बॅगेत हाताला लागला त्या कागदात गुंडाळले.”

बाराचे टोले पडले. कुलूप साहेबांच्याच हातात राहिलं.

“शाबास, पोरांनो!” फौजदार म्हणाले. “आमच्या खात्यात या!”

साहेब घाम पुसत मामाकडे वळले. “संध्याकाळपर्यंत नवी प्रश्नपत्रिका होईल का हो?”

“होईल की,” मामा खिळ्यांकडे वळत म्हणाला. “पण प्रूफ इथंच बसून वाचायचं, साहेब. अनवाणी!”