चित्राखालची ओळ

ठाण्यात खोपटच्या एसटी स्टँडवर मी मोबाइलवरच्या एका जाहिरातीचा स्क्रीनशॉट घेत होते, तेव्हा शेजारून आवाज आला, "घर घ्यायचंय का?"

"नाही. प्रबंध लिहायचाय."

"टिटवाळ्याच्या वन बीएचकेवर?"

"डिजिटल जाहिरातींतल्या चित्रांवर आणि शब्दांवर. चिन्हमीमांसा म्हणतात त्याला. ही तर इतकी वाईट आहे! आई, बाबा, दोन मुलं, चौघंही आकाशाकडे बघतायत. घराकडे कोणीच नाही."

तो खळखळून हसला. "बिल्डरने आकाश मोठं करायला सांगितलेलं. मीच केलीय ती."

असा मला देवेश भेटला.

त्याने जाहिरातींच्या त्याच्या सगळ्या जुन्या पोस्ट दाखवायचं कबूल केलं, आणि मी दर शनिवारी त्याच्या डोंबिवलीच्या छोट्या ऑफिसात जाऊ लागले.

"चित्राचे दहा अर्थ निघतात," मी त्याला सांगायचे. "खालची ओळ त्यातला एक पकडून ठेवते."

"आणि ओळच नसेल तर?"

"मग बघणारा मनाला येईल ते वाचतो."

"मग माझ्याकडे बघून तू काय वाचतेस?"

मी लॅपटॉपमध्ये तोंड खुपसलं… कान मात्र गरम झाले होते.

फक्त एकच गोष्ट खुपायची. ऐश्वर्या. ऑफिसात त्याच्यासोबत काम करायची, त्याला 'देवू' म्हणायची आणि त्याच्याच कपातून चहा प्यायची.

मग एका बुधवारी देवेशने बिल्डरसाठी केलेली नवी पोस्ट आली. अर्धवट उघडं दार, दारावर मेंदीचा हात. खाली ओळ – 'दार उघडंच आहे… तू ये.'

मी फोटो मोठा केला. मनगटावरचा तीळ ओळखला. फोन लावला. "हात कोणाचा रे?"

"ऐश्वर्याचा. का गं?"

"सहजच."

सहजच मी त्या हातावर चार पानं लिहिली.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला कॉलेजात माझं सादरीकरण होतं. देवेशला मीच बोलावलेलं, ती पोस्ट यायच्या आधी. तो इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसला होता. मी पडद्यावर तो हात लावला आणि वाचू लागले, "या स्त्रीला चेहरा नाही, कारण छायाचित्रकाराला तिला जगापासून लपवायचं आहे. इतक्या जवळून कोणी परक्या हाताचा फोटो काढत नाही. ही घराची जाहिरात नाही. हे बिल्डरच्या खर्चाने लिहिलेलं प्रेमपत्र आहे!"

"मुद्दा चांगला आहे," सर म्हणाले. "पण कृतिका, एवढा राग कशाचा?"

सगळा वर्ग हसला. देवेश उठून बाहेर गेला.

मी धावले. तो जिन्याच्या पायरीवर बसला होता.

"सॉरी… मी असं सगळ्यांसमोर–"

"बरोबर वाचलंस," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "प्रेम होतं. दोन वर्षांपूर्वी. तुटलं आमचं. फोटो हार्ड डिस्कमध्ये राहिला."

माफी मागायला आलेले, आणि खरं ऐकून टोचलं. "अजून तुझ्या कपातून चहा पिते ती."

"अगं, ऑफिसात कपच एक आहे!"

"मला कागदी देतोस."

"नवा आणला तुझ्यासाठी, तर तू काय वाचशील, या भीतीने नाही आणला." आता त्याने वर पाहिलं. "चार पानं लिहिलीस हातावर. ओळ कोणासाठी आहे, एकदा तरी विचारलंस? मागच्या शनिवारी तू जिना उतरून गेलीस. दार लावायला उठलो… आणि लावलंच नाही. तेव्हा सुचली."

तरी राग होताच. "मग तिच्या हाताखाली का लिहिलीस?"

"बिल्डरला त्याच संध्याकाळी द्यायचं होतं, दुसरा फोटो नव्हता… चुकलंच."

"चुकलंच. आता फोटोशिवाय सांग. तोंडाने."

वरून मुलं उतरत होती. तो लाजला, खाली बघत हळूच म्हणाला, "कृतिका… तू ये ना."

मी त्याच्या शेजारी बसले. आमचे खांदे टेकले. दोघांनीही बाजूला घेतले नाहीत.

"येईन," मी म्हटलं. "पण तिचे अजून किती फोटो आहेत त्या हार्ड डिस्कमध्ये?"

"आहेत… बरेच."

"मग शनिवारपर्यंत नाही थांबणार मी. उद्याच येते."