मालनआत्यांची चांदीची सुपारी

ठाण्यातल्या खोपटच्या बेकरीतून घेतलेला केक मांडीवर सांभाळत हेमा गाडीत बसली, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मे महिन्याचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. लेकीचा, उर्वीचा, आज सातवा वाढदिवस. दरवर्षी तो कल्याणला थोरल्या दिरांकडे व्हायचा, कारण तिच्या नवऱ्याला, आनंदला, लहानाचं मोठं करणाऱ्या मालनआत्या तिथे राहायच्या. त्या दिवाळीनंतर गेल्या. यंदा ठाण्यातच करू, असं हेमा महिनाभर म्हणत होती. आनंद ऐकेल तर शपथ!

"आत्या नाही म्हणून वहिनीकडे जायचंच नाही का?"

हेमा खरं कारण सांगणार तरी कुठल्या तोंडाने?

गेल्या वाढदिवसाला आत्यांनी सकाळपासून तबक मांडलं होतं. निरांजन, अक्षता, सोन्याची अंगठी आणि त्यांची ती लाडकी चांदीची सुपारी. "यंदा मी ओवाळते हं पोरीला. माझे काय, चार दिवस राहिलेत," त्या हौसेने म्हणाल्या. आणि बँकेत नोकरी करणाऱ्या, शिकल्यासवरलेल्या हेमाच्या मनात ऐन वेळी पाल चुकचुकली. आत्या तरुणपणीच विधवा झालेल्या. हेमा हळूच म्हणाली, "आत्या, तुम्ही नको... वहिनी ओवाळतील."

आत्या कशाबशा हसल्या. "हो गं बाई, माझ्या लक्षातच नाही आलं." तबक खाली ठेवून त्या आत स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. त्यांना नेऊन दिलेला केक संध्याकाळपर्यंत तसाच सुकून गेला. हेमाला स्वतःचीच किळस आली होती. आज पाय धरू, उद्या माफी मागू, असं म्हणता म्हणता दिवाळी उलटली आणि मागायला माणूसच उरलं नाही.

कल्याणला पोचले आणि अर्ध्या तासात वीज गेली. उकाड्याने सगळे गॅलरीत जाऊन बसले. "येऊ दे वीज, मग ओवाळू," असं म्हणत थोरल्या जाऊबाई गोदावहिनींनी सरबताचे पेले भरले. पेले वाटता वाटता हेमाच्या लक्षात आलं, उर्वी कुठे दिसत नाही.

ती आत गेली. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आतून तुपातल्या वातीचा वास येत होता. आणि एक बारीकसा आवाज. ओवाळून झालं की सुपारी तबकाच्या काठाला टेकवतात ना, तसा.

टक... टक...

हेमाने दार ढकललं. उर्वी पाटावर शहाण्यासारखी बसली होती. कपाळाला ओलं कुंकू, केसांत अक्षता, समोर तबक आणि तेवतं निरांजन. दुसरं कुणीच नव्हतं. मागच्या दाराला आतून कडी होती.

"कुणी... कुणी ओवाळलं गं?"

"आत्याआजीने."

पाठोपाठ गोदावहिनी आल्या आणि तबकाकडे बघून मटकन खालीच बसल्या. "हेमा... ती सुपारी... अगं, आत्यांना नेताना मी स्वतः त्यांच्या पदरात बांधली होती."

हेमाने तिथेच जमिनीला डोकं टेकलं. "आत्या, चुकले हो मी! काय राग काढायचा तो माझ्यावर काढा. पोरीला काही करू नका..."

"ती रागावली नाहीये, आई," उर्वी म्हणाली. "ती रडत होती. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी... का?"

"ती म्हणाली, पुढच्या वाढदिवसाला आईला कुणी 'तू ओवाळू नकोस' असं म्हणालं, तर उर्वी, तू ते ऐकायचं नाही. आईकडूनच ओवाळून घ्यायचं."

गॅलरीत आनंद कशावर तरी मोठ्याने हसला. हेमा धावत गेली आणि तिने त्याचा हात गच्च धरला. तो बघतच राहिला.

सुपारी दुसऱ्याच दिवशी वहिनींनी खाडीत सोडली. आनंदला दोघींनीही काही सांगितलं नाही. हेमाने मात्र त्याच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, माणूस ठणठणीत आहे. असं करत अकरा महिने गेले. उर्वीचा आठवा वाढदिवस महिन्यावर आला.

काल सकाळी आनंद ऑफिसला निघाला. एक पाय चपलेत घालतो न घालतो, तोच उर्वी दारात आडवी आली.

"बाबा, थांब ना. आत्याआजी म्हणते, आज तुला ओवाळायचंय."

आनंदचा चेहरा एकदम मऊ झाला. "अगं वेडे..." म्हणत त्याने चपलेतला पाय काढला.

हेमाच्या ओठांवर शब्द आला होता, 'नको.' तोच शब्द. तेव्हा आत्यांना किती सहज बोलून गेली होती ती! आता तो तोंडातून बाहेर पडेना. नको म्हणावं तरी भीती, हो म्हणावं तरी भीती.

आतल्या रिकाम्या स्वयंपाकघरातून तुपातल्या वातीचा वास आला. आणि मग तबकाच्या काठाला काहीतरी टेकलं.

टक...